चौथ्या वहीतला खेळ

१

सोपान हांडे गुरुजींनी चौथी वही उघडली आणि ती कोरी निघाली.

पहिलं पान कोरं, दुसरं कोरं. त्यांनी अंगठा ओला करून भराभर पानं उलटली, शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्या पानावर आले. दोनशे पानांत एक अक्षर नव्हतं. बाहेरून मात्र वही त्यांचीच दिसत होती. तपकिरी कागदाचं कव्हर, कोपऱ्यात पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘४ – मेंढपाळ मुलांचे खेळ’.

शेजारच्या चिमाताई डोके त्या वेळी ओटीवर बसल्या होत्या. गुरुजींची गाय दोन दिवस नीट खात नव्हती म्हणून त्या सकाळीच बघायला आल्या होत्या. गाईचं काम झालं, चहा झाला, आणि आता गुरुजी ट्रंकेतून काढून कौतुकाने त्यांना आपल्या पाच वह्या दाखवत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज थांबला. चिमाताईंनी वर बघितलं तर म्हातारा वही हातात धरून उभा, ओठ हलताहेत, शब्द बाहेर पडत नाही. चेहरा असा पांढराफटक की चिमाताईंनी आधी त्यांची नाडी धरली आणि मग वहीकडे बघितलं.

कुशाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

“बसा खाली,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “पानी प्या.”

“बारा वर्षं,” गुरुजी म्हणाले. एवढंच.

बारा वर्षं म्हणजे काय, हे अख्ख्या निरगुडसरला माहीत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एकच ध्यास घेतला होता. युरोपातली लहान मुलं चारशे-पाचशे वर्षांपूर्वी चेंडूफळीचे कोणते खेळ खेळत होती, याचं मराठीत पुस्तक लिहायचं. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. पाच वह्या शाईने भरल्या. गुरुजींनी त्यांची झेरॉक्स काढू दिली नाही की मोबाइलवर फोटो काढू दिला नाही. कुणीतरी उचलेल, ही भीती. आज अकरा वाजता ओतूरहून प्राध्यापक शिंगोटे येणार होते आणि वह्या पुण्याला छापखान्यात नेणार होते.

चिमाताईंनी कोरी वही हातात घेतली. चिठ्ठीच्या कडेने बारीक लाल मुंग्यांची रांग चालली होती. त्यांनी नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला. तो अजून ओलसर होता, आणि खाली पांढुरकं काहीतरी चिकटलेलं होतं. बाकीच्या चार वह्यांवरच्या चिठ्ठ्या डिंकाने बसवलेल्या, कडक, पिवळ्या पडलेल्या.

“गुरुजी, वही हरवलेली न्हाई,” त्या म्हणाल्या. “कुनीतरी काल तुमची चिठ्ठी सोडवली आन् ह्या कोऱ्या वहीवर चिकटवली. तुम्हाला फसवायला.”

२

चिमाताई पोलीस नव्हत्या. बत्तीस वर्षं त्या जनावरांच्या दवाखान्यात होत्या. तळेघरच्या डोंगरातल्या भातखाचरांपासून घोड नदीच्या काठापर्यंत मेंढ्यांना लस टोचत त्यांनी आयुष्य काढलं. आजारी जनावर बोलत नाही, मालक अर्धं खोटं बोलतो, आणि तरी रोग शोधून काढावा लागतो. त्यामुळे गावात काही चोरीला गेलं की लोक चौकीआधी डॉक्टरीणबाईंकडे येत. एकदा त्यांनी बाजारात नुसत्या कानाच्या खाचेवरून चोरीची अकरा मेंढरं ओळखली होती. आणि हरवलेल्या वहीची तक्रार चौकीवर कोण लिहून घेणार होतं?

“काल कोन कोन आलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

“सकाळी शिंगोटे सर. वह्या मोजून गेले,” गुरुजी म्हणाले. “तेव्हा चौथी वही होती, मी त्यांना तीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या. दुपारी माझी जुनी विद्यार्थिनी ऋतिका आली. परदेशी नावं नीट लिहिली आहेत का ते तपासायला. चारला गेली.”

“ट्रंकेची किल्ली?”

“माझ्या गळ्यात. दुपारी डोळा लागतो तेव्हा उशाशी असते.”

“म्हंजी तेवढा येळ कुनालाबी घेता आली आसती.”

गुरुजींनी नकळत छातीवरचा दोरा चाचपला. आपण झोपलेलो असताना, आपल्याच घरात, ओळखीचं माणूस आपल्या उशाशी वाकलं होतं, ही गोष्ट आत्ता त्यांच्या लक्षात येत होती.

“चौथीच का?” चिमाताई म्हणाल्या. “पाची न्यायच्या सोडून एकच का नेली? काय व्हतं तिच्यात?”

मग गुरुजी बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्यात थोडा जीव आला. इंग्लंडात १७४४ साली मुलांसाठी छापलेल्या एका छोट्या पुस्तकात खांबांपाशी उभ्या राहून चेंडू खेळणाऱ्या पोरांचं चित्र आहे. त्याच्याही आधीपासून तिकडची पोरं लाकडी सापळ्याच्या एका टोकावर दांडकं आपटून चेंडू वर उडवायची आणि हवेतच टोलवायची, आपल्या विटीदांडूसारखी. जर्मनीतल्या एका मास्तरने १७९६ साली इंग्रजांच्या अशाच एका खेळाचे नियम लिहून ठेवले. हे सगळं पहिल्या तीन वह्यांत होतं, आणि ते जगाला ठाऊक होतं.

“पण चौथी वही जगाला ठाऊक नव्हती,” गुरुजी म्हणाले. “स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका पाद्र्याची टिपणं. सोळाशे ब्याण्णव सालची. मेंढ्या राखणारी पोरं चार दगड मांडून चेंडूफळी खेळत. राजवाडा नाही, शाळा नाही, मेंढ्यांमागची पोरं. चिमाताई, खेळ कुठून आला याचं उत्तर होतं त्या वहीत. ऋतिकाने ते जर्मन कागद इंटरनेटवर हुडकले आणि मराठीत करून दिले. वाचलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.”

“मंग ऋतिकाकडं ते कागद आसतीलच की. पुन्ना लिहिता येईल.”

“रात्रीच मी तिला फोन केला होता, शुद्धलेखनाचं एक विचारायला. तिने उचलला नाही. आत्ताही उचलत नाही.”

दाराशी गाडी थांबली. शिंगोटे सर आले होते.

३

प्राध्यापक बाळासाहेब शिंगोटे ओतूरच्या कॉलेजात इतिहास शिकवत. वही गेल्याचं ऐकून ते दारातच थबकले. पण चिमाताईंनी एक गोष्ट टिपली. माणसाला धक्का बसला की तो आधी विचारतो, कशी गेली. सरांनी ते विचारलंच नाही. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “मग आज छापखान्यात जायला नको. बरंच झालं म्हणायचं.”

चिमाताईंनी त्यांना गोठ्याकडे नेलं.

“बरं का झालं, सर?”

“तसं नाही हो, म्हणजे गुरुजींची तब्येत बघता…”

“सर, मी बत्तीस वर्षं लोकांच्या म्हशींची वयं इचारतीय. खोटं मला लगेच कळतं.”

सरांनी घराकडे एक नजर टाकली आणि खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर गुरुजींचं वळणदार अक्षर होतं. चौथ्या वहीची दोन पानं.

“तुमीच फोटू काढला,” चिमाताई म्हणाल्या.

“दोन महिन्यांपूर्वी. गुरुजी उठून आत गेले होते तेव्हा. मला पेपर लिहायचा होता, खोटं कशाला बोलू. पण वही मी घेतलेली नाही. कशाला घेऊ? माझ्याकडे हे होतंच.” त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “मी त्या पाद्र्याच्या गावच्या अभिलेखागाराला ईमेल केला होता, मूळ कागद बघायला मिळतील का म्हणून. परवा रात्री उत्तर आलं. त्या नावाचा पाद्री त्या चर्चमध्ये कधीच नव्हता. असे कागद त्यांच्याकडे नाहीत, कुठे असल्याची नोंदही नाही.”

चिमाताईंनी गोठ्याच्या खांबाला हात टेकला. गाय मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

“हे कुनाला सांगितलं?”

“गुरुजींना सांगायचा धीर झाला नाही. काल त्यांनी त्या ओळी वाचल्या तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. इथून निघाल्यावर ऋतिकाला फोन केला. म्हटलं, तुला कुणीतरी फसवलंय, खोटी वेबसाइट असेल. तिने फोनच ठेवून दिला.”

“ते फोटू दाखवा.”

चिमाताईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. ‘पर्वतावरून कळप खाली आणण्याच्या आदल्या आठवड्यात, पानगळ सुरू झाली असता, मुले हा खेळ खेळतात. दुपारी मेंढ्या बसल्या की डाव मांडावा, मेंढ्या उठल्या की मोडावा. चेंडू काळ्या लोकरीचा असतो, तो ओला करून दगडावर घोळून कठीण करतात. जी बाजू हरेल तिने त्या आठवड्यात जन्मलेली कोकरे खांद्यावर घेऊन उतरावे.’

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा.

“सर, हे लिहिनारा मानूस युरोपातला न्हाई,” त्या म्हणाल्या. “वेबसाइटवाला चोरबी न्हाई. मला आत्ताच्या आत्ता ओतूरला न्या.”

४

मंचर आणि नारायणगाव मागे पडल्यावर चिमाताईंनी गाडीत सरांना सांगितलं.

“नोकरीत आमच्याकडं परदेशी मेंढे व्हते, इथल्या मेंढ्यांना लावायला. त्या जातींचं आमाला शिकवलं व्हतं. थंड मुलखातली मेंढी दिवस लहान व्हायला लागले की माजावर येती आन् वसंतात विती. बर्फ पडायच्या तोंडावर कोकरू झालं तर ते मरनारच. पानगळीत, डोंगर उतरायच्या आठवड्यात कोकरं खांद्यावर, हे तिकडं कसं घडंल? आन् काळी लोकर. तिकडं चुकून एखादी काळी. हितं कळपच्या कळप काळे.”

“मग इथे कोकरं कधी होतात?”

“आत्ता. दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढं. मेंढरं चालायला निघत्यात त्याच टायमाला. कोकरं खांद्यावर न्हाईतर घोड्यावरच्या झोळीत.” त्या बाहेर उसाकडे बघत राहिल्या. “ज्यानं हे लिहिलं त्यानं लहानपनी कोकरू खांद्यावर घेतलंय. आन् ऋतिका बरकडे ही जानकू मेंढक्याची पोर हाय. तिच्या बापाच्या मेंढ्यांना मी वीस वर्षं लस टोचलीय.”

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर कीटकनाशकांच्या दुकानावर ऋतिकाची खोली होती. चाकणच्या कारखान्यांसाठी ती जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत करत असे. पस्तिशीची बाई, डोळे सुजलेले. दार उघडून तिने दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

“डॉक्टरीण मावशी,” ती म्हणाली, “वही मी घेतलेली नाही. माझी खोली बघा, बॅग बघा. घेतली असती तर बरं झालं असतं.”

“मला ठावं हाय तू घेतली न्हाईस,” चिमाताई खाटेवर बसत म्हणाल्या. “पर काल तू कुशावहिनींना काहीतरी सांगितलंस. गुरुजी झोपले व्हते तेव्हा. काय सांगितलंस?”

ऋतिका भिंतीला टेकून खाली बसली. शिंगोटे सर दारातच उभे होते. त्यांना आत यावं की जावं कळेना.

“सगळं,” ती म्हणाली. “पाद्री नाही, कागद नाहीत, काहीच नाही. ते मी लिहिलं. आधी जर्मनमध्ये लिहिलं, गुरुजींना दाखवायला, आणि मग त्याचं मराठी केलं.”

“कशापायी?”

तिने मान हलवली. “ते मी गुरुजींसमोरच सांगेन. त्यांच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.”

५

दुपारी दोन वाजता पाचही जण गुरुजींच्या ओटीवर होते. कुशाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, पदर तोंडाला.

“वही कुनी घेतली ते मला सकाळी पाच मिनिटांत कळलं व्हतं,” चिमाताई म्हणाल्या. “का घेतली ते कळत नव्हतं, म्हनून गप बसले. गुरुजी, तुमची डिंकाची बाटली तुमच्या खाटेशेजारच्या फळीवर असती. ज्याला घाई हाय तो तीच उचलंल, न्हाईतर संगं आनंल. पर चिठ्ठी कनकेच्या खळीनं चिकटवली व्हती, म्हनून मुंग्या आल्या. खळ करायची म्हंजी चूल पेटवायची, कनीक घ्यायची, धा मिनिटं ढवळत बसायचं. परक्या मानसाला तुमच्या सैपाकघरात एवढा येळ कोन बसू दील? आन् सकाळी तुमचा आवाज बसला, कुनी हाक मारली न्हाई, तरी पान्याचा तांब्या आला. वहिनी, तुमी भरून ठेवला व्हता.”

गुरुजींनी बायकोकडे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नसेल.

“तू?”

कुशाबाई उठल्या, आत गेल्या आणि बाजरीच्या कोठीतून वही घेऊन आल्या. पदराने पुसून त्यांनी ती गुरुजींपुढे ठेवली.

“जाळनार व्हते,” त्या म्हणाल्या. “चुलीपशी नेलीबी. तुमचं अक्षर बघून हात झाला न्हाई.”

“पण का?”

“कारन ते खोटं हाय. आन् पुस्तक छापल्यावर ते लोकांना कळलं आसतं. सगळी हसली आसती तुमाला. मला ते बगवलं नसतं.”

गुरुजींना काही समजत नव्हतं. त्यांनी शिंगोट्यांकडे बघितलं. सरांनी मोबाइल पुढे करून अभिलेखागाराचं उत्तर मराठीत सांगितलं. गुरुजींनी ते ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं, आणि मग त्यांची नजर ऋतिकावर आली.

“तुला कुणी फसवलं, बाळ?”

हा प्रश्न ऋतिकाला सोसला नाही. इतका वेळ सांभाळून ठेवलेली तिची पुण्याची भाषा सुटली आणि ती घरच्या बोलीत बोलू लागली.

“मला कुनी न्हाई फसवलं, गुरुजी. मी तुमाला फसवलं. तो खेळ आमचा हाय. नदीच्या मळ्यात मेंढरं बसली की आमी खेळायचो. चार दगड, काळ्या लोकरीचा चेंडू, बापाच्या काठीची फळी. चौथीत तुमी निबंध घातला व्हता, माझा आवडता खेळ. मी हाच खेळ लिहिला व्हता. दोन पानं. तुमी तो वर्गात मोठ्यानं वाचला.”

ती थांबली. तिने तळहाताने डोळे पुसले.

“वाचून झाल्यावर तुमी म्हनला, ह्याला खेळ म्हनत न्हाईत, ही मेंढ्यांमागची उनाडकी हाय, खो-खोवर लिहून आन. पोरं हसली. तुमीबी हसला. वाईट मनानं न्हाई, आसंच. मी खो-खोवर लिहिलं आन् तुमी धापैकी आठ मार्क दिले.”

“मला,” गुरुजी म्हणाले, “मला आठवत नाही.”

“न्हाईच आठवनार. तीस पोरं व्हती. पुढं तुमीच माझ्या बापाला समजावून मला शाळेत ठिवलं, हेबी खरं हाय. म्हनून तुमी भाषांतरासाठी आला तवा तीन वर्षं मी एक शब्द खोटा लिहिला न्हाई. मग एक दिवस तुमी म्हनला, युरोपातल्या मेंढक्यांच्या पोरांचं काही सापडलं तर माझ्या आयुष्याचं सोनं व्हईल. मला राहावलं न्हाई. तोच निबंध काढला, पाद्र्याच्या तोंडी घातला. तुमी वाचलात आन् डोळ्यांत पानी आनलंत. फोनवर म्हनला, किती हुशार पोरं असतील ती. मला वाटलं व्हतं, दोन दिवसांनी सांगू, हसू आन् सोडून देऊ. पर तुमी आसं बोलल्यावर मला सांगवंना. चार वर्षं सांगवंना.”

गुरुजींनी चौथी वही उघडली. पहिल्या पानावरचा चार दगडांचा नकाशा त्यांनी स्वतः पट्टी धरून काढला होता. त्यांनी तो बोटाने चाचपला, एकेका दगडावर बोट ठेवून. बारा वर्षांत त्यांनी लंडन, पॅरिस, बर्लिन इथल्या ग्रंथालयांना सत्तर पत्रं पाठवली होती. नदीच्या मळ्यात ते एकदाही गेले नव्हते, आणि तो त्यांच्या दारापासून दीड किलोमीटरवर होता.

“सर,” ते शिंगोट्यांना म्हणाले, “छापखान्यात कळवा. पुस्तक छापायचं नाही.”

“गुरुजी, बाकीच्या चार वह्या खऱ्या आहेत.”

“कळवा.” मग ते कुशाबाईंकडे वळले. “तू मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं आसतं तर तुमी ह्या पोरीचं तोंड पुन्ना बघितलं नसतं,” कुशाबाई म्हणाल्या. “तिला शिक्षा कुनी द्यायची? तुमी?”

गुरुजी उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि पायात चपला सरकवल्या. चिमाताईंना वाटलं, माणूस रागाने घर सोडून निघालाय. त्या पुढे झाल्या.

“कुठं निघाला, गुरुजी?”

“जानकूच्या मेंढरांचा वाडा कुठे उतरलाय आत्ता?”

६

जानकू बरकड्याची मेंढरं मळ्यातल्या कापलेल्या रानात बसली होती. भोवती जाळी लावलेली, बाजूला दोन पालं आणि एक घोडं. गुरुजी पुढे, चिमाताई आणि ऋतिका मागे. शिंगोटे सर आणि कुशाबाई घरीच थांबले होते. गुरुजींच्या काखेत वही होती, काल ट्रंकेत ठेवलेली ती कोरी.

जानकूची नातवंडं बाभळीखाली बसून मोबाइलवर सामना बघत होती. गुरुजींनी त्यांना चार दगडांचा खेळ विचारला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. शौर्य नावाचा मोठा नातू म्हणाला, “आमच्याकडं प्लास्टिकची बॅट हाय. दाखवू का?”

“पोरांना काय ठावं,” जानकू म्हणाला. “आमच्या ऋतिकेनंतर कुनी खेळलं न्हाई. म्हातारीला इचारा.”

ऋतिकाची आजी तुकाबाई पालाच्या सावलीत लोकर पिंजत बसली होती. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्यात मोतीबिंदू. गुरुजी तिच्यासमोर मातीतच बसले. तिने त्यांना ओळखलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“गुर्जी, खाली का बसला? घोंगडी टाक गं, ऋतिके.”

“राहू द्या, तुकाबाई. मला तुमचा चेंडूचा खेळ लिहून घ्यायचाय.”

म्हातारीने आधी नातीकडे आणि मग गुरुजींकडे बघितलं. थट्टा आहे की खरं, ते तिला कळेना. मग पिंजलेल्या लोकरीतली मूठभर घेऊन तिने तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि शेजारच्या दगडावर तळहाताने घोळायला सुरुवात केली. हात चालू ठेवून ती सांगत गेली. चेंडू कुणी टाकायचा, कुणी टोलवायचा, कुठून कुठे पळायचं. गुरुजी लिहीत गेले. ऋतिकाच्या निबंधात आलेलं सगळं आलं, आणि न आलेलंही येऊ लागलं.

“टोलवनाऱ्याच्या म्होरं जो दगूड असतो,” तुकाबाई म्हणाली, “त्येला चेंडू लागला की डाव गेला. त्येला ठूल म्हनायचं.”

“ठूल?” गुरुजींनी विचारलं. “ठूल म्हणजे काय?”

“काय की. आज्जी म्हनायची. ठूल सांबाळ, ठूल सांबाळ.”

“मी निबंधात ते घातलं नव्हतं,” ऋतिका हळूच म्हणाली. “मला वाटलं, अर्थ नसलेला शब्द आहे.”

“आज्जीच्या येळंला घाटाकडं एका गोऱ्या सायबाचा बंगला व्हता,” तुकाबाई म्हणाली. “आज्जी पोर असताना तिथं दूद घालायला जायची. सायबाच्या पोरी आन् ही पोरं अंगनात खेळायची. त्या पोरी दगडाच्या जागी तीन पायाची तिवई ठिवायच्या, दूद काडताना बसायची तसली. तवापासनं म्हनं ठूल.”

गुरुजींचं पेन कागदावर थांबलं आणि तिथे शाईचा ठिपका पसरत गेला. चिमाताईंनी पाहिलं, सकाळी गेला तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पुन्हा गेला होता.

“गुरुजी, काय झालं?”

“चिमाताई,” ते म्हणाले, “इंग्लंडातला एक फार जुना खेळ आहे. गवळणी खेळायच्या, असं सांगतात. दूध काढायची तिवई उभी करायची, एकीने चेंडू मारायचा, दुसरीने तो हाताने परतवायचा, पुढच्या काळात फळीने. क्रिकेटच्याही आधीचा. तिवईला तिकडे स्टूल म्हणतात. खेळाचं नावच ते आहे. स्टूलबॉल.”

ऋतिका आजीजवळ जाऊन बसली. जे तिने चार वर्षं खोटं म्हणून छातीत दडवलं होतं, त्याच्या पोटात हे निघालं होतं, आणि तिच्या आजीला ते कायमच ठाऊक होतं.

“तुकाबाई,” गुरुजींनी विचारलं, “मग खेळ शिकवला कुणी? साहेबाच्या मुलींनी तुमच्या आजीला, की तुमच्या आजीने त्यांना?”

तुकाबाईने घोळवलेला चेंडू दगडावर आपटून बघितला. तो अजून मऊ होता. तिने पुन्हा पाणी शिंपडलं.

“आज्जी तर म्हनायची, आमीच शिकिवला. त्या पोरी घरी गेल्यावर आपल्या आईला काय सांगत व्हत्या, ते आपल्याला कुटं ठावं.”

बंगला कधीच पडला होता. त्याचे दगडही लोकांनी बांधाला नेले होते. विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि कागद तर कुठेच नव्हता. चिमाताईंनी आयुष्यात बरीच दुखणी शोधली होती, पण हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्या गुरुजींकडे बघत राहिल्या. आता हा माणूस वही मिटवेल असं त्यांना वाटलं.

गुरुजींनी वही मिटली नाही. त्यांनी शाईचा ठिपका पडलेलं पान तसंच ठेवून पुढचं पान काढलं.

“तुकाबाई,” ते म्हणाले, “आधी तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि तुमच्या आजीचं.”

म्हातारीचे हात थांबले. तिचं पूर्ण नाव आजवर रेशनच्या दुकानाशिवाय कुठे कुणी विचारलं नव्हतं.